थिएटर, घर आणि मधले आठ आठवडे

१३ मार्च २०२० हा शुक्रवार. त्या दिवशी हिंदीत इरफान खानचा ‘अंग्रेजी मीडियम’ लागला आणि मराठीत विक्रम गोखले, अमिताभ बच्चन यांचा ‘एबी आणि सीडी’. त्याच दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधिमंडळात जाहीर केलं की मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथली चित्रपटगृहं करोनामुळे मध्यरात्रीपासून बंद. या शहरांत दोन्ही चित्रपटांच्या वाट्याला एकच दिवस आला. पुढच्या काही आठवड्यांत दोन्ही ओटीटीवर दिसू लागले.

त्याच सुमारास अक्षय कुमारचा ‘सूर्यवंशी’ तयार होऊन पडला होता. तो गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, २४ मार्चला लागणार होता. तो प्रत्यक्ष लागला ५ नोव्हेंबर २०२१ ला, दिवाळीच्या पाडव्याला. एकोणीस महिने तो तसाच राहिला.

एक चित्रपट काही आठवड्यांत घरी येतो आणि दुसरा एकोणीस महिने ताटकळतो, असं का? तेव्हाच्या चर्चेत याचं ठरलेलं उत्तर होतं: मोठ्या पडद्याची जादू. दिग्दर्शकांनी ते भावुक होऊन सांगितलं, थिएटरवाल्यांनी त्याच्या जाहिराती केल्या. जादू खोटी नाही. पण महासाथीच्या दोन वर्षांत कोणता चित्रपट कुठे गेला याची यादी समोर ठेवली, तर तिथे जादूपेक्षा व्याज, करार आणि जोखीम यांचीच चलती दिसते.

आधी साधा हिशेब करू. तिकिटाची मूळ किंमत २०० रुपये धरा. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३६ रुपये. खिडकीवर आपण २३६ देतो. कर बाजूला काढल्यावर उरलेल्या २०० रुपयांत थिएटर आणि वितरक यांची वाटणी होते. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं भांडण झालं. तेव्हा दोन महिने नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सना मिळालेच नव्हते. शेवटी तडजोड झाली ती अशी: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे चित्रपट जितका जुना, तितका निर्मात्याच्या बाजूचा वाटा कमी. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारसाठी एवढा जीव का टाकतात, ते यावरून कळावं.

आता चौघांचं कुटुंब पहिल्या आठवड्यात गेलं तर निर्माता-वितरकाच्या बाजूला ४०० रुपये जातात. तेच कुटुंब घरी बसून २४९ रुपयांत चित्रपट बघू लागलं, तर सगळेच्या सगळे २४९ निर्मात्याला मिळाले तरी तो तोट्यातच. शेजारचे दोघे येऊन बसले तर आणखी तोटा. थिएटर माणशी पैसे घेतं, घर घरटी पैसे देतं. सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. उलट बाजूही आहे. लहान मूल, आजारी सासरे, गावात थिएटरच नाही अशा कारणांनी जे कधीच तिकीट काढणार नव्हते, ते घरी पैसे देतात. मधला वाटेकरीही कमी होतो. अमेरिकेत घरबसल्या भाड्याने दिलेल्या चित्रपटाच्या रकमेतले साधारण ८० टक्के स्टुडिओकडे राहतात. थिएटरातून निम्म्याच्या आसपास.

मग दोन्ही गिऱ्हाइकांकडून पैसे कसे काढायचे? आधी थिएटर, मग घर, आणि मध्ये ठरावीक अंतर. धंद्यात या अंतराला ‘विंडो’ म्हणतात. हापूसचं गणित असंच चालतं. फेब्रुवारीत वाशीच्या बाजारात आलेल्या पहिल्या पेट्या ज्यांना परवडतात ते घेतात, बाकीचे मे महिन्याची वाट बघतात. आंबा तोच, पण आधी खाण्याची किंमत वेगळी. मेमध्ये स्वस्त मिळणार हे माहीत असूनही फेब्रुवारीचं गिऱ्हाईक टिकतं, कारण मधे तीन महिने असतात. मधे तीनच दिवस असते तर पहिली पेटी कोणी घेतली असती?

थिएटरवाले या अंतरासाठी इतके का भांडतात, याचं कारण एवढंच. आणि हे भांडण महासाथीने जन्माला घातलेलं नाही. २०१३ साली कमल हासनने ‘विश्वरूपम’ थिएटरच्या आदल्या रात्री डीटीएचवर हजार रुपयांत दाखवायचं ठरवलं होतं. तमिळनाडूतले थिएटरमालक असे खवळले की त्याला तो बेत गुंडाळावा लागला. कल्पना वेडगळ नव्हती. पण थिएटरांशिवाय चित्रपटाचं पान हलत नव्हतं, आणि ते थिएटरवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

मार्च २०२० मध्ये जगभर ही ताकद एकाच वेळी संपली. थिएटरं बंद म्हटल्यावर धमकी द्यायची ती कशाच्या जोरावर?

पहिला दगड युनिव्हर्सल स्टुडिओने मारला. ‘ट्रोल्स वर्ल्ड टूर’ हा लहान मुलांचा ॲनिमेशनपट त्यांनी १० एप्रिल २०२० ला घरी भाड्याने दिला: १९.९९ डॉलर, ४८ तासांसाठी. शाळा बंद, मुलं घरात, आईबाप मेटाकुटीला आलेले; अशा वेळी वीस डॉलर म्हणजे काहीच नाही. तीन आठवड्यांत या भाड्याचा आकडा दहा कोटी डॉलरच्या जवळ गेल्याची बातमी आली. युनिव्हर्सलच्या वरिष्ठांनी यापुढे दोन्हीकडे प्रदर्शन करू असं सूचित केलं, तशी एएमसी ही जगातली सर्वांत मोठी थिएटर कंपनी भडकली. युनिव्हर्सलचा एकही चित्रपट यापुढे आमच्याकडे लागणार नाही, अशी तिने घोषणा केली. एकही थिएटर उघडं नसताना केलेली ही बहिष्काराची घोषणा म्हणजे निव्वळ उसनं अवसान होतं. २८ जुलैला दोघांनी करार केला: १७ दिवस, म्हणजे तीन शनिवार-रविवार थिएटरात, मग घरी भाड्याने द्यायला मोकळीक, आणि त्या भाड्यात एएमसीचाही वाटा. अमेरिकेत आधी हेच अंतर अडीच-तीन महिन्यांचं असे. तीन महिन्यांचं तीन आठवड्यांवर आलं, आणि बहिष्कार टाकणाऱ्यानेच त्यावर सही केली.

उलट टोकाला क्रिस्टोफर नोलनचा ‘टेनेट’. वॉर्नर ब्रदर्सने वीस कोटी डॉलर खर्चून तो बनवला होता. जुलैची तारीख दोनदा पुढे ढकलली आणि अखेर २६ ऑगस्टपासून बऱ्याच देशांत, ३ सप्टेंबरला अमेरिकेत तो थेट थिएटरांत उतरवला. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसची थिएटरं तेव्हाही बंदच होती. सगळ्या स्टुडिओंचे डोळे त्याच्याकडे लागले होते. जगभरातून ३६ कोटी डॉलरच्या आसपास जमले. एरवी हा आकडा वाईट नाही. पण निम्मे थिएटरवाल्यांचे, वर जाहिरातीचा खर्च, म्हणजे उलट घाटाच. ‘टेनेट’चे आकडे बघून बाकीच्यांनी तारखा भराभर पुढे ढकलल्या. जेम्स बाँडचा ‘नो टाइम टू डाय’ २०२१ मध्ये गेला तशी सिनेवर्ल्ड कंपनीने ब्रिटन-अमेरिकेतली आपली सगळी थिएटरं पुन्हा बंद केली. थिएटर उघडं आहे, पण लावायला चित्रपट नाही. चित्रपट तयार आहे, पण थिएटर रिकामं असेल म्हणून कोणी तो देत नाही. या कोंडीत त्या वर्षाचा हिवाळा गेला.

याच गडबडीत एक निकाल लागला, त्याच्याकडे इथे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंची थिएटरांवरची मक्तेदारी मोडून काढली होती. त्यानंतरचे बंधनाचे आदेश ७ ऑगस्ट २०२० ला न्यायालयाने रद्द केले. कारण उघड होतं: आता स्टुडिओला थिएटरची मालकी हवी कशाला? घराघरातला पडदाच त्याच्या मालकीचा होत चालला होता.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. पॅरामाउंट स्टुडिओने त्या काळात काय केलं ते बघा. ‘द ट्रायल ऑफ द शिकागो सेव्हन’ नेटफ्लिक्सला विकला, ‘कमिंग टू अमेरिका’चा पुढचा भाग ॲमेझॉनला विकला. ‘टॉप गन: मॅव्हरिक’ मात्र दोन वर्षं कपाटात ठेवला आणि मे २०२२ मध्ये थिएटरात लावला. कमाई जवळजवळ दीडशे कोटी डॉलर. विकले ते चित्रपट वाईट होते म्हणून विकले नाहीत. ओटीटीचा सौदा म्हणजे ठरलेली रक्कम: चित्रपट चालो न चालो, तेवढे पैसे पदरात पडले. वर एक डॉलर जास्त नाही, खाली एक कमी नाही. म्हणजे निर्माता चित्रपट विकतो असं दिसतं, पण खरं तर तो जोखीम विकतो. पन्नास कोटींचा चित्रपट चालला तर सत्तर करेल, पडला तर वीस, असं वाटत असेल तर साठला विकून झोप घ्यावी. पण पाचशे करण्याची ज्याची ऐपत आहे, तो साठला किंवा शंभरला कोण देईल? महासाथीने चित्रपटांची ही चाळणी लावली: मधल्या आकाराचे घरी गेले, अवाढव्य थांबले.

थांबणं फुकटचं नव्हतं. चित्रपट कर्जावर बनतो, आणि डबा बंद असला म्हणून व्याज बंद होत नाही. ज्याच्यामागे मोठी कंपनी उभी आहे तो थांबू शकतो. ज्याने घर गहाण ठेवलंय तो नाही. ‘सूर्यवंशी’मागे रिलायन्स एंटरटेन्मेंट होतं, म्हणून एकोणीस महिने निघाले.

हिंदीत पहिला मोठा चित्रपट घरी आला तो शुजित सरकार यांचा ‘गुलाबो सिताबो’. अमिताभ बच्चन आणि आयुष्मान खुराना, लखनौची एक मोडकळीला आलेली हवेली, आणि मालक-भाडेकरू यांची कुरबुर. १७ एप्रिलला थिएटरात लागणार होता, १२ जून २०२० ला ॲमेझॉन प्राइमवर आला. मे महिन्यात ही घोषणा झाली तेव्हा आयनॉक्स या मल्टिप्लेक्स साखळीने जाहीर पत्रक काढून नाराजी कळवली आणि अशा ‘अडचणीच्या वेळी साथ सोडणाऱ्यांना’ पुढे त्याच न्यायाने वागवू, असा सूर लावला. तिकडे तमिळनाडूत ज्योतिकाचा ‘पोनमगल वंधाळ’ थेट प्राइमवर जाणार म्हटल्यावर थिएटरमालकांनी तिच्या नवऱ्याचे, म्हणजे सूर्याच्या कंपनीचे चित्रपट लावणार नाही म्हणून इशारा दिला. सूर्याने पुढे आपला ‘सूरराई पोट्रु’ही नोव्हेंबरमध्ये प्राइमलाच दिला. इशाऱ्याचा उपयोग एवढाच झाला.

थिएटरवाल्यांचा राग मी समजू शकतो. बंद थिएटरलाही खर्च असतो: मॉलचं भाडं, विजेचा स्थिर आकार, राखणदार, दर काही दिवसांनी चालू करून बघावा लागणारा प्रोजेक्टर. पीव्हीआर या दुसऱ्या मल्टिप्लेक्स साखळीने करारातल्या अनपेक्षित आपत्तीच्या कलमावर बोट ठेवून मॉलमालकांकडे भाडं माफ करण्याची मागणी केली. तरी २०२०-२१ या आर्थिक वर्षात तिचा तोटा ७०० कोटी रुपयांच्या पुढे गेला. तिकिटाबरोबर पॉपकॉर्नही बुडतो, हे विसरू नये. मल्टिप्लेक्सच्या उत्पन्नाचा पाव हिस्सा तरी खाण्यापिण्यातून येतो आणि त्यात निर्मात्याला एक पैसा द्यावा लागत नाही. समोसा शंभर रुपयांना का, या आपल्या नेहमीच्या वैतागाचं उत्तरही इथेच आहे.

सलमान खानच्या ‘राधे’ची कथा पडद्यावरच्यापेक्षा पडद्यामागे जास्त रंगतदार. जानेवारी २०२१ मध्ये थिएटरमालकांनी त्याला विनवलं: आम्ही बुडतोय, तुझा चित्रपट तरी थिएटरात लाव. त्याने शब्द दिला: ईदला, थिएटरातच. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, महाराष्ट्राने थिएटरं पुन्हा बंद केली. मग मधला मार्ग निघाला. १३ मे २०२१ ला जिथे थिएटरं उघडी तिथे थिएटरात, बाकीच्यांना झीप्लेक्सवर २४९ रुपयांत. देशात थिएटर जवळजवळ कुठेच उघडं नव्हतं. पहिल्याच दुपारी एवढी झुंबड उडाली की सर्व्हर झोपला. आणि संध्याकाळपर्यंत चोरटी प्रत मोबाइलमधून मोबाइलमध्ये फिरू लागली.

ही चोरी वाटते तितकी किरकोळ बाब नाही. थिएटरात चित्रपट येतो तो कुलूप लावून. हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून फाइल येते, पण तिची किल्ली वेगळी, तीही त्याच थिएटरच्या त्याच सर्व्हरसाठी आणि अमुक तारखेच्या अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंतच चालणारी. शुक्रवारच्या पहिल्या शोआधी ऑपरेटरला स्वतःलाही चित्रपट बघता येत नाही. किल्लीची मुदत संपली की फाइल असून नसल्यासारखी. चोर फार तर खुर्चीत बसून मोबाइलवर थरथरतं चित्रण करणार, ज्यात पुढच्या माणसाचं डोकं येणार. घरी आलेल्या चित्रपटाची मात्र काही तासांत लखलखीत प्रत तयार होते. म्हणजे पहिल्या दिवशी घरी देणं याचा अर्थ पहिल्या दिवशी फुकट वाटणाऱ्यांच्याही हाती देणं.

वॉर्नरने डिसेंबर २०२० मध्ये तेच मोठ्या प्रमाणावर करायचं ठरवलं. २०२१ चे आपले सगळे सतरा चित्रपट अमेरिकेत थिएटरात आणि आपल्या एचबीओ मॅक्स या ओटीटीवर एकाच दिवशी. दिग्दर्शकांना हे बातम्यांतून कळलं. नोलनने कडक शब्दांत टीका केली, ‘ड्यून’चा दिग्दर्शक डेनी व्हिलनव्हने जाहीर लेख लिहून निषेध केला. पण खरा प्रश्न पैशाचा होता आणि तो उघड्यावर आणला स्कार्लेट जोहान्सनने. डिस्नेने तिचा ‘ब्लॅक विडो’ ९ जुलै २०२१ ला थिएटरात आणि त्याच दिवशी आपल्या ओटीटीवर जादा तीस डॉलर घेऊन दाखवला. तिच्या मानधनाचा मोठा भाग थिएटरच्या गल्ल्यावर अवलंबून होता. पहिल्या तीन दिवसांत ओटीटीवरून सहा कोटी डॉलर आल्याचं डिस्नेने मोठ्या अभिमानाने जाहीर केलं. त्या सहा कोटींत तिचा वाटा शून्य. २९ जुलैला तिने दावा ठोकला. डिस्नेने उत्तरात तिला आधीच मिळालेल्या दोन कोटी डॉलरचा आकडा जगजाहीर केला आणि महासाथीचं भान नसल्याचा ठपका तिच्यावर ठेवला. हे फार हलकं वागणं होतं, असं माझं मत आहे. नट श्रीमंत आहे म्हणून करार मोडायला कोणाला मुभा मिळत नाही. सप्टेंबरअखेर प्रकरण आपसांत मिटलं. त्यानंतर नटांचे करार करताना वकिलांनी ‘प्रदर्शन’ म्हणजे नेमकं कुठलं, हे लिहून घ्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे हिंदी चित्रपटाची नाडी महाराष्ट्राच्या हातात होती. मुंबई हा वितरणाचा विभाग हिंदी कमाईचा फार मोठा वाटा देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये अक्षय कुमारचाच ‘बेलबॉटम’ महाराष्ट्र बंद असताना लावला गेला आणि देशभरात जेमतेम तीस कोटींच्या आसपास थांबला. पुढच्या महिन्यात ‘थलायवी’ आला. तमिळ-तेलुगू आवृत्ती चार आठवड्यांनी ओटीटीवर आणि हिंदी मात्र दोनच आठवड्यांनी, असं ठरल्यामुळे मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी हिंदी आवृत्ती लावलीच नाही. एकाच चित्रपटाच्या वेगवेगळ्या भाषांना दोन नियम. २५ सप्टेंबरला महाराष्ट्राने थिएटरं २२ ऑक्टोबरपासून निम्म्या खुर्च्यांवर उघडणार असं सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी निर्मात्यांनी पुढच्या दीड वर्षाचे शुक्रवार अडवून ठेवले. लग्नाच्या हंगामात कार्यालय मिळवण्यासाठीही एवढी धावपळ होत नसेल.

‘सूर्यवंशी’ चालला. देशात दोनशे कोटींच्या जरा अलीकडे थांबला. आणि चार आठवड्यांनी नेटफ्लिक्सवर आला! एकोणीस महिने थांबलेल्या चित्रपटालाही दोन महिने घरापासून लांब राहणं जमलं नाही, कारण तेव्हाचे सगळे सौदे चार आठवड्यांचे झाले होते. त्याच्यासारखाच रखडलेला ‘८३’ डिसेंबरअखेर लागला आणि चार दिवसांत ओमायक्रॉनमुळे दिल्लीची थिएटरं बंद झाली. तर त्याच महिन्यातल्या ‘पुष्पा’ने सगळे हिशेब चुकवले. हिंदीत डब केलेला तो चित्रपट १४ जानेवारी २०२२ ला प्राइमवर आला, तरी थिएटरात चालत राहिला आणि ओटीटीवर असतानाच त्याची हिंदी कमाई शंभर कोटींच्या पुढे गेली. घरी वर्गणीतच उपलब्ध असलेला चित्रपट लोक तिकीट काढून पाहत होते. अंतराचा सिद्धांत खरा आहे, पण शिट्ट्या मारायला घर अपुरं पडतं हेही खरं.

मराठीचं काय झालं? इथे वरची सगळी चर्चा जरा श्रीमंतांची वाटू लागते. थिएटर की ओटीटी, हा पर्याय मराठी निर्मात्यांपैकी फार थोड्यांना होता. मार्च २०२१ मध्ये दशावतारी कलावंत बाप आणि मुलाचा ‘पिकासो’ थेट प्राइमवर आला. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक घेऊन एप्रिलअखेर नेटफ्लिक्सवर आला. ‘जून’ प्लॅनेट मराठीवर पैसे भरून बघायला मिळाला. पण मोठ्या ओटीटी कंपन्यांना मराठी चित्रपट हवेत ते मोजके, आणि त्यांची किंमत तमिळ-तेलुगूच्या जवळपासही नाही. मराठी माणूस हिंदी चित्रपटासाठी वर्गणी भरतोच, मग त्याच्यासाठी वेगळा खर्च कशाला, हा त्यांचा रोकडा विचार. त्यामुळे मराठी निर्मात्याला थिएटर उघडण्याची वाट बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

म्हणून हेमंत ढोमेच्या ‘झिम्मा’चं मला विशेष वाटतं. १९ नोव्हेंबर २०२१, निम्म्या खुर्च्या, ‘सूर्यवंशी’ अजून पडद्यावर, आणि चित्रपट कसला, तर इंग्लंडच्या सहलीला निघालेल्या वेगवेगळ्या वयांच्या बायकांचा. हा मधल्या आकाराचा, साधासरळ कौटुंबिक चित्रपट. अमेरिकी नियमाने घरी जायला हवा असा. पण बायका मैत्रिणींचे, भिशीचे, नात्यातले गट करून थिएटरात आल्या आणि तो आठवडेच्या आठवडे चालला. दीड वर्ष घरात स्वयंपाक, धुणीभांडी आणि सगळ्यांचं ऑनलाइन आवरून दमलेल्या बाईला घरच्या टीव्हीवर चित्रपट नको होता, तिला घराबाहेर पडायचं होतं. हा मुद्दा कुठल्याही कंपनीच्या गणितात नव्हता. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये तारखा बदलत बदलत आलेल्या ‘पावनखिंड’ने आणि मे महिन्यात ‘धर्मवीर’ने थिएटरं भरली.

त्यानंतर धूळ खाली बसली. आयनॉक्सचं पहिलं मल्टिप्लेक्स २००२ मध्ये पुण्यात बंडगार्डनला उघडलं होतं. ती आयनॉक्स आणि पीव्हीआर यांनी मार्च २०२२ मध्ये विलीनीकरण जाहीर केलं आणि दीड हजारांवर पडद्यांची एकच कंपनी झाली. ऑगस्ट २०२२ पासून हिंदीचं अंतर पुन्हा आठ आठवड्यांवर आलं. दक्षिणेत चारच राहिलं. म्हणून ‘लिओ’सारख्या मोठ्या तमिळ चित्रपटाची हिंदी आवृत्ती राष्ट्रीय मल्टिप्लेक्स साखळ्यांत लागली नाही. आमिर खानने ‘लालसिंग चड्ढा’ सहा महिने ओटीटीवर देणार नाही असं ठणकावलं होतं. थिएटरात तो आपटला आणि आठ आठवड्यांत नेटफ्लिक्सवर आला. वॉर्नरनेही २०२२ पासून ४५ दिवसांचं अंतर मान्य केलं, पण रुसलेला नोलन परत गेला नाही. ‘ओपनहायमर’ घेऊन तो गेला युनिव्हर्सलकडे, म्हणजे ‘ट्रोल्स’ने हे सगळं सुरू करणाऱ्या स्टुडिओकडे, आणि चित्रपट चार महिने घरी येणार नाही याची व्यवस्था करून घेतली.

हे अंतर आता करारात इतकं घट्ट बसलंय की ते कोर्टातही टिकतं. मे २०२५ मध्ये ‘भूल चूक माफ’च्या निर्मात्यांनी सीमेवरच्या तणावाचं कारण देऊन, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, तो थेट प्राइमवर देण्याचं जाहीर केलं. पीव्हीआर आयनॉक्सने मुंबई उच्च न्यायालयात साठ कोटींचा दावा लावला आणि न्यायालयाने ओटीटी प्रदर्शन रोखलं. शेवटी समझोता होऊन चित्रपट २३ मे रोजी थिएटरात लागला आणि दोन आठवड्यांनी घरी आला. २०२० साली नाराजीचं पत्रक काढून गप्प बसलेली मंडळी पाच वर्षांनी स्थगिती आणू शकली. आमिर खानने त्याच वर्षी तिसरीच वाट काढली: ‘सितारे जमीन पर’ कुठल्याही ओटीटी कंपनीला न विकता सहा आठवड्यांनी यूट्यूबवर शंभर रुपयांत लावला.

माझ्या मते या सगळ्यात थिएटर हरलं नाही आणि ओटीटीही जिंकलं नाही. हरला तो मधला चित्रपट. मारधाडीचा, इतिहासाचा, भुताचा, गर्दीचा चित्रपट थिएटरात जातोच. दोन माणसांच्या नात्यावरचा, थोडं हसवणारा, थोडं टोचणारा चित्रपट ‘येईल की ओटीटीवर’ या एका वाक्यावर संपतो, आणि आता कंपन्याही तसले चित्रपट पूर्वीसारखे विकत घेत नाहीत. मराठीत असेच चित्रपट जास्त बनतात. २०१५ पासून मल्टिप्लेक्सला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात मराठी चित्रपट दाखवण्याचं बंधन असलं, तरी कुठला चित्रपट किती दिवस ठेवायचा हे सोमवारी सकाळी पहिल्या तीन दिवसांचा गल्ला बघूनच ठरतं. तेव्हा एखादा मराठी चित्रपट थिएटरात बघायचा मनात असेल तर तो पहिल्याच शनिवार-रविवारी बघा. पुढच्या आठवड्यात त्याचा शो तुमच्या जवळच्या थिएटरात असेलच असं नाही, आणि तो ओटीटीवर येईल याचीही खात्री नाही.